पेन्सिलीतली शिफारस

त्यांचं नाव इथे लिहीत नाही. त्यांना ते आवडणार नाही. सर्व्हरवर, वहीवर, लेबलवर, कुठेही माणसाचं नाव घालायचं नाही, असा त्यांचा नियम होता. "माणूस बदलतो. पद लिही," म्हणायचे. स्वतःच्या जेवणाच्या डब्यावरही त्यांनी 'ज्येष्ठ तंत्रज्ञ' असं लिहून घेतलं होतं. आमच्या ऑफिसात ज्येष्ठ तंत्रज्ञ एकच होते, त्यामुळे डबा कधी हरवला नाही. आम्ही त्यांना काका म्हणायचो.

ऑफिस मुलुंडला, औद्योगिक वसाहतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या एका गाळ्यात होतं. खाली खाकऱ्यांचा कारखाना होता, त्यामुळे आमच्या सगळ्या कागदांना मेथीचा वास असायचा. शाळा, दवाखाने, वाचनालयं, सोसायट्या यांना एखादं सॉफ्टवेअर हवं असायचं, पण आपली माहिती परक्याच्या यंत्रावर ठेवायची नसायची. मग आम्ही त्यांच्याच जागेत एक सर्व्हर बसवायचो. त्यावर लिनक्स ही मूळ प्रणाली, त्यावर माहिती साठवणारा डेटाबेस, त्यावर ते सॉफ्टवेअर चढवायचो आणि शेवटी त्यांच्या टेबलावरच्या संगणकात ब्राउझर उघडून दाखवायचो. पान दिसलं की लोक टाळ्या वाजवायला हात उचलायचे. काका हातानंच थांबा म्हणायचे. "झालं का काका?" असं विचारलं तर "झालं" हा शब्द त्यांच्या तोंडून कधी आला नाही. "आत्ता चालतंय," एवढंच.

मी भूम या तालुक्याच्या गावाहून आलो होतो. वडिलांचं तिथे सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. मुलाखतीला आम्ही तिघे होतो. बाकीचे दोघे मुंबईचेच, आणि त्यांचं इंग्रजी ऐकून मी परतीच्या गाडीची वेळ आठवत बसलो होतो. काकांनी तिघांनाही एकेक कोरा कागद दिला आणि म्हणाले, "स्टेशनवरून इथे कसे आलात ते लिहा."

त्या दोघांनी इंग्रजीत चार-चार ओळी लिहिल्या. मी घाबरून मराठीत दीड पान लिहिलं. 'पुलाच्या पायथ्याशी वडापावची गाडी आहे, पण ती सोमवारी नसते असं शेजारच्या किल्लीवाल्यानं सांगितलं, म्हणून ती खूण धरू नये,' असंही त्यात होतं. काकांनी माझा कागद वाचला, चपला घातल्या आणि तो घेऊन निघून गेले. चाळीस मिनिटांनी घामाघूम होऊन परत आले.

"एक वळण चुकलंय," ते म्हणाले. "पण पोचलो."

अशी मला नोकरी लागली. सहा महिने तात्पुरती. कायम करायचं की नाही ते काकांच्या लेखी शिफारशीवर, असं मालकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. मालकांना सगळे शेठ म्हणायचे. वडिलांनी तोवर पंक्चर काढायला येणाऱ्या प्रत्येकाला मुलगा मुंबईत कॉम्प्युटरमध्ये लागला म्हणून सांगून टाकलं होतं. दर रविवारी फोनवर ते एकच प्रश्न विचारायचे, "कायम झालास का?" मी "होईल" म्हणायचो. नाही झालो तर भूमला कोणत्या तोंडानं उतरायचं, याचा विचार करणं मी टाळत होतो. म्हणजे रोज करत होतो.

काकांकडे दोनशे पानी वही असायची. सर्व्हरला द्यायची प्रत्येक कमांड ते आधी वहीत पेन्सिलीनं लिहायचे, मग टाईप करायचे. ती चालली, आणि दुसऱ्यांदाही चालली, की मग तीच अक्षरं निळ्या पेनानं गिरवायचे.

"पेन्सिल म्हणजे आपली इच्छा," त्यांनी मला समजावलं. "पेन म्हणजे घडलेलं. दोन्ही एका रंगात लिहिलं की माणूस फसतो."

हे फक्त ऑफिसपुरतं नव्हतं. घरच्या वाणसामानाची यादीही ते सामान आल्यावर गिरवायचे. स्वतःच्या लग्नाच्या पत्रिकेचा मजकूर त्यांनी पेन्सिलीनं लिहिला होता आणि लग्न लागल्यावर हॉलमध्येच बसून गिरवला, असं काकू सांगायच्या. खरं-खोटं मला माहीत नाही. काकांना विचारलं तर म्हणाले, "मग? मुहूर्त टळला असता तर?"

त्यांचं घर नाहूरला होतं. पहिल्यांदा गेलो तेव्हा दिव्याच्या प्रत्येक बटणाखाली चिठ्ठी चिकटवलेली दिसली. 'गॅलरीचा दिवा. लागायला दोन क्षण घेतो. पुन्हा दाबू नये.' गिझरखाली तर सात ओळी होत्या.

"अठ्ठावीस वर्षं झाली मला या घरात," काकू म्हणाल्या, "आणि मला बटणं शिकवतायत."

"तुझ्यासाठी नाहीयेत ती," काका म्हणाले. "तू नसशील तेव्हासाठी आहेत."

"म्हणजे मी आधी जाणार हे ठरलंय?"

"पेन्सिलीत," काका म्हणाले, आणि चहा पिऊ लागले.

इंटरनेटवरून कमांड उचलून चिकटवायला त्यांची बंदी होती. वाचून, अक्षर-अक्षर टाईप करायचं. "बोट अडलं की डोकं विचारतं, हे कशाला? चिकटवलं की कोणीच काही विचारत नाही." दसऱ्याला सर्व्हरला झेंडू वाहायला त्यांची हरकत नव्हती, फक्त हवा आत जाते त्या बाजूला नाही. पण शेठना खरा त्रास होता तो त्यांच्या मुख्य नियमाचा. सॉफ्टवेअर पहिल्यांदा नीट चाललं, की काका त्या सर्व्हरवरचं सगळं पुसून टाकायचे.

"काका, काय यार!" शेठ कपाळावर हात मारायचे. "चालत होतं ना! क्लायंटला दाखवायचं होतं ना आज!"

"पहिल्यांदा चाललं ते नशीब," काका म्हणायचे. "दुसऱ्यांदा, दुसऱ्याच्या हातून, वहीत बघून चाललं तर ते काम."

दुसऱ्याच्या म्हणजे माझ्या किंवा शेठच्या नव्हे. जिथे सर्व्हर बसवायचा तिथल्याच माणसाच्या, आणि त्यातही ज्याला यातलं काही कळत नाही अशाच्या. एका दवाखान्यात त्यांनी कंपाउंडरला बसवलं. दहिसरच्या एका शाळेत चित्रकलेच्या सरांनी डेटाबेस उभा केला. तो अजून चालू आहे असं ऐकतो. आणि हे सगळं पार पडलं की काका शेवटी भिंतीतून वायर उपटायचे, परत लावायचे आणि घड्याळाकडे बघत उभे राहायचे.

माझे सहा महिने भरत आले तेव्हा घाटकोपरच्या एका वाचनालयाचं काम आलं. कोकणातल्या एका गावच्या गिरणी कामगारांनी कधीकाळी एका खोलीत सुरू केलेलं वाचनालय. आता नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर अकरा कपाटं होती. पुस्तकांची यादी त्यांना संगणकावर हवी होती, पण परक्या कंपनीच्या यंत्रावर नको होती. अध्यक्षांना सगळे आप्पा म्हणायचे. ते स्वतः गिरणीतून बाहेर पडलेले. ते म्हणाले, "पुस्तकं आमच्या कपाटात, मग त्यांची यादी दुसऱ्याच्या घरात कशाला?" म्हणून सर्व्हरही एका लोखंडी कपाटात ठेवायचा ठरला. काकांनी कपाटाच्या पाठीला हवेसाठी भोकं पाडून घेतली.

शेठ मला म्हणाले, "हे तू एकट्यानं कर. काका फक्त बघतील. रविवारी उद्घाटन आहे. सोमवारी तुझा शिफारशीचा फॉर्म."

बुधवारी पान दिसलं. मी खूश होतो. वहीही तयार होती, सुवाच्य इंग्रजीत सतरा ओळी. काकांनी दोन-तीन पुस्तकं शोधून पाहिली आणि म्हणाले, "छान केलंस." त्यांच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मग त्यांनी सर्व्हर पुसला आणि ग्रंथपाल बाईंना हाक मारली.

"बाई, आता तुम्ही बसा."

"मी?" बाई हसल्याच. "मला गॅसचा नंबरसुद्धा मोबाईलवरून लावता येत नाही."

"म्हणूनच," काका म्हणाले.

बाई बसल्या. अकरा कपाटांतलं कुठलं पुस्तक कुठल्या फळीवर आहे हे त्या पाठ सांगायच्या. त्यांनी माझी वही उघडली, चष्मा सारखा केला आणि तिसऱ्या ओळीवर थांबल्या.

"इथे लिहिलंय, डेटाबेस नेहमीप्रमाणे तयार करा. नेहमीप्रमाणे म्हणजे कसा? माझं यात नेहमीचं काहीच नाही."

मी म्हटलं, "बाई, ते इंग्रजीत आहे ना, म्हणून जरा..."

"इंग्रजी येतं रे मला. शब्दकोश मीच लावते रोज. यात सांगितलेलंच काही नाहीये. तुला तरी माहीत आहे का?"

मला माहीत होतं, पण अर्धंच. मी मराठी शाळेतला. मुंबईत आल्यापासून जमेल ते इंग्रजीत लिहीत होतो, आणि एव्हाना एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. जे आपल्याला कळलेलं नाही तिथे इंग्रजीत एक बरासा शब्द टाकला की कोणी विचारत नाही. मराठीत ती जागा लगेच उघडी पडते. काका तेवढंच म्हणाले, "स्टेशनवरून कसा आलास ते लिहिलं होतंस ना? तसं लिही."

गुरुवार आणि शुक्रवार मी लिहीत होतो, बाई अडत होत्या आणि काका पुसत होते. एकदा बाई पाच मिनिटं नुसत्याच बसून राहिल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "तुझा कीबोर्ड गेलाय. पासवर्ड टाईप करतेय तर काही उमटतच नाही." लिनक्समध्ये ते तसंच असतं. मग वहीत आलं, 'पायरी ९. यंत्र पासवर्ड विचारेल. टाईप करताना पडद्यावर काहीच दिसणार नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. बिघडलेलं नाही. लिहीत राहा आणि एंटर दाबा.' एक फोल्डर वेब सर्व्हरच्या, म्हणजे पान दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, ताब्यात द्यायचं होतं, तिथे मी अर्धं पान खर्च केलं. बाईंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, "म्हणजे या कपाटाची चावी त्याच्याकडे द्यायची, एवढंच ना?"

"हो."

"मग तसं लिही ना बाबा."

सतरा ओळींच्या चौतीस पायऱ्या झाल्या. शनिवारी दुपारी बाईंच्या हातून पान उघडलं. त्यांनी पाककृतींचं एक पुस्तक शोधलं, पडद्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "याला सांग, ते तिसऱ्या कपाटात नाही, चौथ्यात आहे."

मी वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं बारीक अक्षरात माझं पूर्ण नाव लिहून ठेवलं होतं, खाली मोबाईल नंबरही. काकांनी ते पाहिलं, खिशातून खोडरबर काढलं आणि पुसलं. तिथे लिहिलं, 'लिहिणारा'.

रविवारी हॉल भरला होता. समई, शाल, नारळ, आणि पाहुणे म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापक. शेठ पहिल्या रांगेत इस्त्रीच्या शर्टात बसले होते. त्यांच्या बॅगेत माझा कोरा फॉर्म होता, हे मला माहीत होतं. पाहुण्यांनी बटण दाबलं, भिंतीवरच्या पडद्यावर वाचनालयाचं पान आलं आणि टाळ्या सुरू झाल्या. काका उठले, लोखंडी कपाटापाशी गेले आणि त्यांनी वायर काढली.

पडदा कोरा झाला. टाळ्या थांबल्या.

आप्पा माईकवरच होते. ते माईकमधूनच म्हणाले, "अरे, वायर कित्याक काढलंस?"

"बघूक," काका म्हणाले. ते दोघे कोकणातल्या एकाच तालुक्याचे निघाले होते.

काकांनी वायर परत लावली आणि घड्याळ धरून उभे राहिले. पाहुण्यांच्या हातात अर्धा नारळ होता. तो ठेवावा की धरावा हे त्यांना कळत नव्हतं. चार मिनिटं गेली. सर्व्हर सुरू झाल्याचा आवाज आला, पण पानाच्या जागी एररची एक ओळ आली. शेठ हळूच म्हणाले, "वाट लागली."

मला त्याच क्षणी कळलं. सॉफ्टवेअर सुरू कसं करायचं ते मी सत्ताविसाव्या पायरीत लिहिलं होतं. पण यंत्र बंद पडून पुन्हा चालू झालं की त्यानं आपोआप सुरू व्हावं, याची वेगळी कमांड द्यावी लागते. ती मी लिहिलीच नव्हती. मला ती माहीत होती. 'हे काय लिहायचं,' असं वाटून शुक्रवारी मी पुढे गेलो होतो. आता वडील दुकानात कोणाकोणाला काय सांगतील ते मला त्या हॉलमध्ये उभ्या उभ्या ऐकू येत होतं. मी कीबोर्डकडे धावलो. काकांनी माझी बाही धरली.

"तू बस."

"काका, एका मिनिटात करतो..."

"तू बस म्हटलं ना."

ग्रंथपाल बाई उठल्या. पदर खोचला, कपाटातून वही काढली, चष्मा लावला आणि सव्विसावी पायरी मोठ्यानं वाचली, जणू वर्गात धडा वाचतायत. पासवर्ड टाईप करताना मागे वाकून बघणाऱ्या मुख्याध्यापकांना त्या म्हणाल्या, "काही दिसणार नाही हं सर. बिघडलेलं नाही." मग सत्ताविसावी वाचली, टाईप केली, एंटर दाबलं. पान आलं.

त्या दिवशी काकांनी टाळ्या वाजवू दिल्या. आप्पांनी माईकमधून विचारलं, "झाला मा आता?"

"आत्ता चालता," काका म्हणाले.

लोक चहाकडे वळल्यावर त्यांनी वही घेतली, सत्ताविसाव्या पायरीखाली पेन्सिलीनं '२७-अ' घातलं, राहिलेली ओळ माझ्याकडून लिहून घेतली आणि वही सुतळीनं कपाटाच्या दाराला बांधली. मला ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

सोमवारी फॉर्म आला. शिफारशीच्या चौकटीत काकांनी तीन वाक्यं लिहिली होती. 'काम समजते. लिहिता येते. घाई करतो.' तिन्ही पेन्सिलीनं.

"हे काय आता?" शेठनी फॉर्म उजेडात धरला. "काका, पेन्सिलीचं फाईलला कसं लावू मी? पोराला कायम करायचंय की नाही?"

"मला अजून माहीत नाही," काका म्हणाले.

शेठनी दुसरा फॉर्म काढला, स्वतःच चार शब्द लिहिले, सही केली आणि पेन्सिलीचा फॉर्म माझ्या हातात दिला. "ठेव तुझ्याकडे. आठवण." मी कायम झालो. वडिलांनी दुकानात पेढे वाटले. पेन्सिलीचं मी त्यांना सांगितलं नाही. तो फॉर्म मी पदवीच्या प्रमाणपत्राच्या प्लास्टिकमध्येच मागच्या बाजूला ठेवला.

पुढच्या वर्षी काकांनी काम सोडलं. मीही नंतर अंधेरीच्या एका मोठ्या कंपनीत गेलो. तिथल्या मुलाखतीत मला आधी केलेलं एखादं काम समजावून सांगायला लावलं, आणि मी ते स्टेशनवरून ऑफिसात आल्यासारखं सांगितलं. आज माझं जे काही चाललं आहे ते त्या दीड पानावर चाललं आहे, हे मला ठाऊक आहे. जुने क्लायंट अजूनही अधूनमधून फोन करतात. घाटकोपरच्या वाचनालयातून मात्र सहा वर्षांत एकही फोन आला नाही. त्यांनी ते सॉफ्टवेअर केव्हाच बंद करून टाकलं असेल, असं मी धरून चाललो होतो. थोडं वाईटही वाटायचं.

गेल्या महिन्यात त्याच रस्त्यावर एका मित्राकडे वास्तुशांत होती. जेवून निघालो आणि दुसरा मजला चढलो. ग्रंथपाल बाई होत्या. केस पांढरे झाले होते. त्यांनी मला ओळखलं नाही.

"सभासद व्हायचंय?"

"नाही बाई, तो सर्व्हर बसवला होता ना, मी..."

"अगंबाई, वहीवाले!" त्या म्हणाल्या आणि मला लोखंडी कपाटापाशी घेऊन गेल्या. आतलं यंत्र वेगळंच होतं. आमचं काळं होतं, हे करडं.

"जुनं जळलं," बाई म्हणाल्या. "दोन वर्षं झाली. हे नवीन आणलं."

"मग यावर चढवलं कोणी?"

"कोणी म्हणजे? मी. वहीत आहे ना सगळं. दर शुक्रवारची कॉपी होती, पायरी तेहतीस. ती घातली वर."

"मला फोन नाही केलात?"

"कुणाला करणार?" बाई म्हणाल्या. "वहीत नाव नाही कुणाचं."

वही तिथेच सुतळीला लटकत होती. मी उघडली. अकराव्या पायरीवर काट मारून बाईंनी स्वतःच्या अक्षरात नवीन लिहिलं होतं. "ती बदलली आता. दिवसभर लागला मला शोधायला," त्या म्हणाल्या. आणि २७-अ ही ओळ निळ्या पेनानं गिरवलेली होती.

"वायर काढून बघितली मी," बाई म्हणाल्या. "दोनदा. मगच पेन लावलं."

पुढच्या रविवारी मी नाहूरला गेलो. दारावरच्या बेलखाली नवी चिठ्ठी होती, 'एकदाच दाबा. आम्ही हळू येतो.' काकूंनी दार उघडलं. काका खिडकीपाशी बसले होते, खूप बारीक झाले होते. मी सगळं सांगितलं. संपल्यावर त्यांनी विचारायला सुरुवात केली.

"दुसऱ्यांदा केलं?"

"हो काका."

"दुसऱ्याच्या हातून?"

"हो. बाईंनी."

"तुला विचारून?"

"नाही. वहीत बघून."

"वायर?"

"काढली. दोनदा."

आतून काकूंनी विचारलं, "चहा घेणार ना रे?" मी हो म्हटलं. पिशवीत तो फॉर्म होता. मी तो आणला होता, पण काढायची हिंमत होत नव्हती. काकाच म्हणाले, "दे."

"काय काका?"

"शेठनं तुझ्याकडे दिला होता ना. दे."

त्यांनी फॉर्म मांडीवरच्या वर्तमानपत्रावर ठेवला. चष्मा शोधला. खिशातलं पेन उमटत नव्हतं म्हणून वर्तमानपत्राच्या कडेला चार रेघा ओढल्या. मग हळूहळू पहिलं वाक्य गिरवलं, काम समजते. फुंकर घातली. दुसरं गिरवलं, लिहिता येते. 'घाई करतो'पाशी थोडे थांबले, माझ्याकडे पाहिलं, आणि ते जरा जास्तच दाबून गिरवलं.